गुप्तहेराचे कपडे



स्मृतिव्याख्यानासाठी हेराचे कपडे हा विषय काहींना हलका वाटेल. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमतो त्यांच्या नावाला शोभेल असे काही भारदस्त निवडायला हवे होते, असेही कुणी म्हणेल. पण कपड्यांवरून माणूस ठरवण्याची सवय दिसते तितकी निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे मोठमोठे दुकानदार लुटले गेले आहेत. आपल्या नंदुरबारच्या शेजारच्या जिल्ह्यात तर तिच्या पायी माणसे जिवानिशी गेली आहेत. त्या घटनेकडे मी शेवटी येणार आहे. तिथवर जाणारी वाट मात्र सिनेमाच्या थिएटरातून जाते, म्हणून सुरुवात तिथून करू.

पडद्यावरचा गुप्तहेर दुरूनच ओळखू येतो. नट म्हणून हा त्याचा गुण, पण गुप्तहेर म्हणून याहून मोठा दोष नाही. लांब कोट, उभी कॉलर, कपाळावर ओढलेली हॅट, काळा चष्मा, यांतली एकही वस्तू हेरगिरीच्या गरजेतून आलेली नाही. शेरलॉक होम्सची ती कानपट्ट्यांची टोपी घ्या. कॉनन डॉइलच्या एका कथेत घट्ट कापडी टोपी एवढाच उल्लेख आहे. १८९१ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकासाठी चित्रे काढणाऱ्या सिडनी पॅजेटने तिला शिकारी टोपीचे रूप दिले आणि पुढे रंगभूमीने ती होम्सच्या डोक्यावर कायमची बसवली. लांब कोट पहिल्या महायुद्धातला. खंदकांतल्या पाऊसचिखलासाठी ब्रिटिश अधिकारी तो वापरत. युद्ध संपल्यावर तो शहरात आला आणि १९४२ च्या ‘कॅसाब्लँका’त हम्फ्री बोगार्टच्या अंगावर जगभर पोहोचला. मग तोच कोट मे महिन्याच्या मुंबईतही आला. आपल्या रहस्यकथांच्या मुखपृष्ठांवर आणि हिंदी पडद्यावर कोट-हॅटवाले इतके फिरले, की घामाने त्यांचे काय होत असेल हा प्रश्न कुणाला पडला नाही. १९६७ च्या ‘फर्ज’मध्ये जितेंद्र हा एजंट ११६ आहे, देशाची गुपिते त्याच्या हाती आहेत, आणि प्रेक्षकांच्या लक्षात राहिले ते त्याचे पांढरे बूट. १९८५ मध्ये दूरदर्शनवर आलेला ‘करमचंद’ काळा चष्मा लावून गाजर खात असे. ती मालिका मुळातच खट्याळ होती, म्हणून तिला माफ. पण धोतर नेसून, छत्री घेऊन कलकत्त्याच्या गर्दीत मिसळणारा रजित कपूरचा ब्योमकेश १९९३ मध्ये आला, तेव्हा प्रेक्षकांना तो वेगळा वाटला. तो वेगळा वाटावा यातच आपली नजर किती बनली होती ते दिसते. वास्तविक त्या सगळ्या मंडळींत चारचौघांसारखे कपडे घातलेला तोच एक होता.

सिनेमा असे का करतो याचे उत्तर अवघड नाही. नटाचे तोंड दिसलेच पाहिजे. नायकाने दाढी लावली, फेटा बांधला, गालावर तीळ काढला, तरी शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाने ‘हा आपलाच’ म्हणून शिट्टी मारली पाहिजे आणि दोन हातांवर उभ्या खलनायकाला मात्र काही कळता कामा नये. म्हणजे पडद्यावरचे वेषांतर लपवण्यासाठी नसतेच, ते ओळखले जाण्यासाठी असते. ही परंपरा आपल्याला नवीन नाही. बहुरूपी, ज्याला काही भागांत रायरंद म्हणतात, तो फौजदाराचा वेष करून दारात उभा राहतो, शिट्टी फुंकतो, दंड भरा म्हणून दरडावतो. घरधनी हसतो आणि त्याच्या झोळीत पसाभर धान्य घालतो. घरधनी खरोखर घाबरला तर बहुरूप्याचा खेळ फसला. हिंदी-मराठी सिनेमातला वेषांतर करणारा नायक या बहुरूप्याचा वारस आहे, हेराचा नव्हे. बहुरूप्याची कला कमी प्रतीची आहे असे मला अजिबात म्हणायचे नाही. तिचा धंदा वेगळा आहे, इतकेच.

मग हेराचा धंदा काय? या प्रश्नाचे एक फार जुने सविस्तर उत्तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी सिद्ध केली. पहिल्या अधिकरणात गुप्तचरांचे प्रकार दिले आहेत. एका जागी राहून काम करणारे पाच: कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक आणि तापस. हिंडते चार: सत्री, तीक्ष्ण, रसद आणि भिक्षुकी. ही यादी कपड्यांची नाही, उपजीविकांची आहे. विद्यार्थी, संन्यास सोडलेला माणूस, दैन्याला आलेला शेतकरी, बुडालेला व्यापारी, तपस्वी. कौटिल्य त्यांना वेष देऊन थांबत नाही. उदास्थिताला तो शेती, गुरे आणि व्यापार यांसाठी जमीन देतो, माणसे देतो, त्या उत्पन्नातून इतर संन्याशांचे पोट चालवायला सांगतो. तापसाने शहराजवळ शिष्यांसह राहावे, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा लोकांदेखत मूठभर भाजीपाला किंवा जव खावेत आणि इष्ट आहार गुपचूप घ्यावा, असे तो लिहितो. डोके मुंडलेले असो वा जटा असोत, ती बाब तो एका शब्दात उरकतो. त्याचे सगळे लक्ष आहे ते एकाच गोष्टीवर: हा माणूस इथे का आहे, या प्रश्नाला गावाला पटेल असे उत्तर असले पाहिजे. आपण रोजच्या बोलण्यात ज्याला निमित्त म्हणतो, ते. माझे आजचे सगळे म्हणणे या एका मुद्द्याभोवती आहे. खरा गुप्तहेर कपडे बदलत नाही, तो निमित्त घेतो. निमित्त पक्के असले की कपडे त्याच्या मागून आपोआप येतात. निमित्त कॅमेऱ्यात पकडता येत नाही, कोट पकडता येतो. म्हणून सिनेमा कोट दाखवतो.

शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांचे उदाहरण इथे कुणाच्याही मनात येईल. सभासदाच्या बखरीत बहिर्जीचे शहाणपण आहे, त्याने आणलेली सुरतेची बातमी आहे, जिच्यावर १६६४ च्या स्वारीचा पाया रचला गेला. त्याने कोणता वेष घेतला याचे वर्णन मात्र सभासद करत नाही. फकीर, वासुदेव, गोंधळी, भालदार असे त्याचे जे नाना अवतार आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात, ते बहुतेक पुढच्या कादंबऱ्यांनी, नाटकांनी आणि अलीकडच्या चित्रपटांनी रंगवलेले आहेत. त्यांतले काही खरेही असतील. पण सुरतेसारख्या बंदरात, जिथे बुऱ्हाणपूरकडून नंदुरबारच्या वाटेने व्यापाऱ्यांचे तांडे येत होते, तिथे कुणी परका माणूस दिसला म्हणून कोण दचकणार? परक्यांच्या शहरात परकेपणा हेच निमित्त पुरते. बहिर्जीची थोरवी दाढीमिशांत शोधण्यापेक्षा कोणत्या घरात किती पैसा आहे हे त्याला कसे कळले असेल, यात शोधणे अधिक न्यायाचे होईल.

आता आपल्या काळात येऊ. कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराज १६ मार्च १९८६ रोजी तिहार तुरुंगातून पहारेकऱ्यांना गुंगीचे पदार्थ खाऊ घालून पळाला. मुंबईचे पोलीस निरीक्षक मधुकर झेंडे यांनी त्याला १९७१ मध्ये एकदा पकडले होते. त्यांनी त्याला पुन्हा पकडले ते ६ एप्रिल १९८६ रोजी, गोव्यात पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ हॉटेलात. परदेशी माणसाला घरी फोन करायचा असेल तर तशी सोय असलेल्या मोजक्या जागांपैकी ती एक होती, म्हणून झेंडे आणि त्यांचे सहकारी तिथे गिऱ्हाइकासारखे बसून राहिले. हॉटेलात बसायला जेवणापेक्षा चांगले निमित्त कोणते? त्या रात्री वेषांतर म्हणण्यासारखे एकाच माणसाच्या अंगावर होते, आणि तो पोलीस नव्हता. डोक्यावर टोपी घालून आला तो शोभराज. झेंडे यांनी चेहरा ओळखला, कारण तो चेहरा त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी जवळून पाहिला होता. पकडल्यावर बांधायला बेड्याही नव्हत्या, हॉटेलातून दोर घ्यावा लागला, असे या हकिगतीत सांगितले जाते. पुढे त्या हॉटेलाने पुतळा बसवला तो शोभराजचा. पोलिसाचा पुतळा बसवायचा तर त्याला घालायचे काय, हाच प्रश्न पडला असता. २०२५ मध्ये चिन्मय मांडलेकरांनी या प्रकरणावर ‘इन्स्पेक्टर झेंडे’ हा चित्रपट केला. साध्या मध्यमवर्गीय पोलिसाला नायक करण्याचे धाडस आपल्या सिनेमाला यायला जवळपास चाळीस वर्षे लागली, हे नोंदवून पुढे जातो.

खासगी गुप्तहेर रजनी पंडित यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. एका खुनाच्या तपासात त्या संशयित बाईच्या घरी मोलकरीण म्हणून सहा महिने राहिल्या, हे त्यांनी अनेक मुलाखतींत सांगितले आहे. मोलकरणीची साडी कुणालाही नेसता येते, पाच मिनिटांचे काम. सहा महिने भांडी घासणे, आजारपणात मालकिणीची सेवा करणे, तिचा विश्वास मिळवणे, हे कपड्यांच्या पलीकडचे आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे संशय आला तो टेपरेकॉर्डरच्या बटणाच्या आवाजाने. त्यानंतर घराबाहेर पडणे बंद झाले, तेव्हा बाहेर जायला कारण हवे म्हणून त्यांनी स्वतःच्याच पायावर सुरी पाडून घेतली. जखमेवर इलाज करून घ्यायला मोलकरणीलाही जाऊ द्यावे लागते. म्हणजे ऐन अडचणीतही त्यांनी कपडे शोधले नाहीत, निमित्त शोधले. साताऱ्याच्या अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने गर्भलिंगनिदान करणाऱ्या सोनोग्राफी केंद्रांवर जे सापळे लावले, त्यांत याच तत्त्वाचे टोक दिसते. तिथे गरोदर बाईचे सोंग चालत नाही, कारण यंत्र पोटाच्या आत पाहते. खरोखर गरोदर असलेल्या बाईनेच पुढे व्हावे लागते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यातही मुख्य पात्र असते ते तक्रारदार स्वतः, ज्याच्याकडे लाच मागितली तोच. त्याच्या नेहमीच्या कपड्यांत, त्याच्या नेहमीच्या कामासाठी. बदल असतो तो नोटांवर लावलेल्या फिनॉल्फ्थॅलीनच्या भुकटीत, जी घेणाऱ्याच्या बोटांवरून सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात गुलाबी होऊन उतरते. सोबतच्या पंचाने करायचे ते एवढेच, की जवळ उभे राहून पाहायचे आणि ऐकायचे.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात तर कपड्यांचा प्रश्न आणखी मागे पडतो. २०११ च्या जनगणनेनुसार इथे सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. धडगावला पावरी, नवापूरकडे मावची आणि कोकणी, अक्कलकुव्याकडे भिलीची वेगळी वळणे, शहादा-तळोद्याच्या सपाटीवर गुजरी, शहरात अहिराणी, वर गुजराती आणि हिंदी. नवापूरचे रेल्वे स्टेशनच अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये. एखाद्या दिग्दर्शकाने आपला एजंट धडगावच्या आठवडे बाजारात पाठवायचे ठरवले, तर तो त्याला लंगोटी, मुंडासे आणि हातात धनुष्य देईल, यात मला शंका नाही. त्या एजंटाभोवती पाच मिनिटांत पोरांचे कोंडाळे जमेल. बाजारातली तरुण मुले जीन्स आणि टी-शर्टात असतात. घुंगरू, मोरपिसे आणि अंगावरची नक्षी ही काठी गावच्या होळीला नवस फेडणाऱ्या बावा-बुध्यांची, आणि तीही पाळणुकीच्या कडक नियमांत बांधलेली. उलट बाहेरून आलेल्या माणसाने अगदी बरोबर कपडे घातले, तरी मिरचीचा भाव विचारायला तोंड उघडले की तो कुठला आहे हे विकणारीला कळते. सपाटीवरच्या बाजारात साध्या वेशातला पोलीस लोक ओळखतात ते पायांतल्या बुटांवरून, मानेवर बारीक केलेल्या केसांवरून, ताठ उभे राहण्यावरून. डोंगरात तेवढी तपासणीही लागत नाही. १८२५ मध्ये लेफ्टनंट जेम्स औट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभारली ती काही उदारपणाने नव्हे. भिल्लांच्या मुलखात भिल्लांची बातमी बाहेरच्याला मिळत नाही, हे कंपनी सरकारला खानदेश हाती आल्यापासूनच्या सात वर्षांत पुरते कळले होते. त्यामागचा हेतू आपल्याला आवडण्यासारखा नाही. निदान मात्र अचूक होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. वेषांतर करून काम साधलेल्यांची खरी उदाहरणे काय थोडी आहेत? १९४२ च्या चळवळीत एस. एम. जोशी दाढी वाढवून, इमाम अली या नावाने मुंबईत भूमिगत राहिले. जानेवारी १९४१ मध्ये सुभाषचंद्र बोस कलकत्त्याच्या घरातून निसटले ते महंमद झियाउद्दीन नावाच्या पठाणाच्या वेषात. ही नाकारण्यासारखी उदाहरणे नाहीत. पण या दोघांची गरज हेराच्या गरजेहून निराळी होती. एसेमांचा चेहरा पोलिसांना पाठ होता, सुभाषबाबूंचा तर साऱ्या देशाला. त्यांना कुठे शिरून बातमी काढायची नव्हती, स्वतःचे प्रसिद्ध तोंड झाकायचे होते. फरारी माणसाचे काम वेष करतो, हेराचे करत नाही. सुभाषबाबूंच्याच प्रवासात पुढे काय झाले तेही पाहा. पेशावरहून काबूलकडे निघाल्यावर पठाणी कपडे अंगावर होतेच, पण पश्तू येत नव्हती. तेव्हा त्यांना मुका-बहिरा व्हावे लागले आणि बोलण्याचे काम सोबतच्या भगतराम तलवारांनी केले. जियारतला निघालेला आजारी नातलग हे निमित्त झाले आणि त्या निमित्ताने त्यांना सरहद्द पार करून नेले. कपडे तिथे नुसते सोबत होते.

इथवरचे म्हणणे मान्य केले तरी श्रोता विचारील, की सिनेमाने खोटे दाखवले तर बिघडले काय? प्रेक्षक दूधखुळा नाही, करमणूक आणि वास्तव त्याला वेगळे कळते. गुप्तहेर कसा असतो हे खरोखर माहीत करून घ्यायची गरज किती जणांना पडते? याला माझे उत्तर असे, की हेर कसा असतो हे कळण्याची गरज नाही हे खरे, पण अधिकारी कसा दिसतो याची एक ठाम प्रतिमा आपल्या मनात असते आणि ती प्रतिमा कुणालाही उसनी घेता येते. मराठी माणसाला याचा अनुभव जुना आहे. पानिपतानंतर सुखनिधान नावाच्या कनोजी ब्राह्मणाने आपणच सदाशिवरावभाऊ म्हणून उभे राहून पुण्याचे कारभारी हैराण केले. लोकांचा विश्वास इतका बसला, की १७७६ मध्ये त्याला देहदंड देऊनच ते बंड मिटवावे लागले. तिथे भाऊंच्या रूपाचा आधार होता. पुढच्या काळात तेवढाही लागेनासा झाला. १९ मार्च १९८७ रोजी मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या दुकानावर सीबीआयच्या नावाने छापा पडला. छाप्याच्या प्रमुखाने वृत्तपत्रात जाहिरात देऊन, मोठ्या हॉटेलात मुलाखती घेऊन, सव्वीस उमेदवार निवडले होते आणि ही तालीम आहे असे सांगून त्यांना दुकानात आणले होते. नीटनेटके कपडे, हातात वॉरंट, आवाजात जरब. दागिन्यांचे नमुने म्हणून पिशव्या मोहोरबंद करून तो निघून गेला तो गेलाच. बिचारे सव्वीस उमेदवार आपण सरकारी अधिकारी झालो या समजुतीत तिथेच होते. त्या दिवशी दुकानदारांनी जे पाहिले ते सिनेमातल्या अधिकाऱ्यासारखे होते, म्हणून तर ते फसले. २०१३ मध्ये त्यावर ‘स्पेशल छब्बीस’ निघाला आणि वर्तुळ पुरे झाले.

तीच युक्ती आता फोनवर आली आहे. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दीतला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत, टेबलावर झेंडा, आणि ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केले आहे’ हा हुकूम. निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, बँकेतली माणसे यांत आयुष्याची पुंजी गमावून बसली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये सांगावे लागले, की अशी अटक कायद्यात अस्तित्वातच नाही. फसणाऱ्यांना कायदा ठाऊक नव्हता हे कारण अर्धे आहे. वर्दी पाहिली की कायदा विचारायचा नसतो, हे ते फार आधी शिकले होते, हे उरलेले अर्धे.

हा झाला विश्वासाचा घोटाळा. संशयाचा घोटाळा याहून भयंकर आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने मारून टाकले. नवापूरहून हे गाव काही लांब नाही. मुले पळवणारी टोळी वेष बदलून फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवर गावोगाव फिरत होते. मेलेल्या माणसांच्या अंगावर वेष नव्हता. त्यांचे नेहमीचे कपडे होते, पिढ्यान्‌पिढ्यांचे. पण ते कपडे म्हणजे सोंग असणार, आत कुणी वेगळाच असणार, या एका कल्पनेने पाच माणसे ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारली गेली. ही कल्पना व्हॉट्सअ‍ॅपने जन्माला घातली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्यांच्या आख्ख्या जमाती जन्मजात संशयित ठरवल्या. १९०८ मध्ये मुंबई इलाख्याचे पोलीस अधिकारी एम. केनेडी यांनी इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर एक जाडजूड पुस्तक लिहिले, त्यात कोणती जमात कशी राहते, काय नेसते, कोणती सोंगे घेते हे पोलिसांच्या माहितीसाठी नोंदवले आहे. गोसावी दिसला की तो गोसावी नसावा, असे मानायला त्या पुस्तकाने शिपायाला शिकवले. कायदा १९५२ मध्ये गेला, नजर राहिली.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कौटिल्याच्या यादीत तापस आहे, भिक्षुकी आहे. म्हणजे भिक्षेकऱ्याच्या आड हेर असू शकतो, हे शास्त्रानेच सांगितले. मग राईनपाड्याच्या लोकांचा संशय अगदीच निराधार म्हणायचा का? निराधारच. कौटिल्याचा तापस शहराजवळ मुक्काम ठोकतो, वर्षानुवर्षे लोकांच्या नजरेत राहतो, त्याचा विश्वास रुजलेला असतो. ज्याच्याविषयी कुणालाच शंका येत नाही तोच हेर म्हणून उपयोगी. बाजाराच्या दिवशी एसटीतून उतरलेला आणि सगळ्यांचे डोळे आपल्याकडे वळवणारा परका भिक्षेकरी हेरगिरीला सर्वांत निकामी माणूस. मुले पळवणाऱ्याने असा वेष घ्यावा, हे सिनेमातल्या चोरालाच सुचेल. दुसरे असेही कुणी म्हणेल, की राईनपाड्याचे खापर सिनेमावर फोडणे हा अतिरेक आहे. मी ते फोडत नाही. एका चित्रपटाने एक माणूस मेला, असे दाखवणारा पुरावा कुणाकडे नसतो. मला एवढेच म्हणायचे आहे की वर्दीतल्या भामट्यावर विसंबणारी नजर आणि गोसाव्याच्या झोळीला बिचकणारी नजर एकच आहे. दोन्ही ठिकाणी डोळे कपड्यांवर थांबतात आणि हा माणूस इथे का आला आहे, हा साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. राईनपाड्याला तो प्रश्न शांतपणे विचारला असता, तर गोसाव्याचे उत्तर पाच मिनिटांत मिळाले असते आणि ते खरे निघाले असते.

राहता राहिला प्रश्न, पोलिसाने आपली ओळख कधी उघड करायची याचा. सिनेमात क्लायमॅक्सला नायक दाढी ओढून काढतो आणि कोटाच्या आतून ओळखपत्र दाखवतो. पण ते नाट्यासाठी. कायद्याला मात्र हे दृश्य खरेच अपेक्षित आहे, फक्त त्यात संगीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात अटकेचे नियम घालून दिले. पुढे ते फौजदारी प्रक्रिया संहितेत ४१-ब म्हणून आले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहेत. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट दिसेल अशी ओळख असली पाहिजे. अटकेचा लेखी पंचनामा झाला पाहिजे, त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष आणि अटक झालेल्याची सही पाहिजे. घरचे कुणी साक्षीला नसेल, तर कुणा नातेवाइकाला किंवा मित्राला कळवण्याचा आपला हक्क आहे, हेही त्याला सांगितले पाहिजे. सापळ्यात, पाळतीवर, बाजारात पोलिसाने हवे ते निमित्त घ्यावे, पण माणसाच्या खांद्यावर हात पडला की त्या क्षणी निमित्त संपते. साध्या वेशातल्या पोलिसाला हे कलम लागू नाही, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.